पाव फेरा

१

ओले गोणपाट काकांनी दोन्ही हातांनी उचलले आणि त्याखाली काहीच नव्हते.

काहीच नाही, असे तरी कसे म्हणावे? लाकडी बैठक होती. गोणपाटासोबत ओढले जाऊन जमिनीवर गडगडत गेलेले एक घमेले होते. मेजावर पाण्याचे थारोळे होते. ज्याच्यासाठी ही सारी मांडामांड केली होती, तो काशाचा जुना व्हॉल्व्ह तेवढा नव्हता.

"गेला!" काका ओरडले. संग्रहाची किल्ली सांभाळणाऱ्या या वृद्धाचे साधे बोलणेही ओरडण्यासारखेच असे. समोरच्याशी बोलताना मध्ये एखादे यंत्र धडधडत असावे, असे. पण या खेपेला त्या ओरडण्यात आवाज कमी आणि श्वासच जास्त होता.

काकांच्या मागे विभागप्रमुख मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या खांद्याआडून जाड भिंगांची एक संशोधक मुलगी डोकावत होती. तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि तीही ओ देई. आणि सर्वांच्या मागे, उंबरठ्याला चाके अडलेली, एक खुर्ची होती. तिच्यात चीफ होता.

चीफ हे त्याचे नाव नव्हे, हुद्दा. नौदलाच्या इंजिनखोलीत तो मिळाला होता. एकदा जहाजाच्या पोटात पाणी शिरले, वरचे झाकण नियमाप्रमाणे बंद झाले आणि तो आत राहिला. बाहेर काढले तेव्हा गुडघ्यांखालचे पाय कामातून गेले होते. पाय गेले, हुद्दा राहिला. तेव्हापासून जग त्याच्यासाठी दारांचे झाले होते: उघडी दारे, बंद दारे, आणि उघडी असूनही उंबरठा राखून असलेली दारे.

चाळिशी उलटल्यावर तो पुन्हा विद्यापीठात आला, तो एका मेलेल्या पोरासाठी. एका पिढीपूर्वी बंदरात नांगर टाकून उभे असलेले नौदलाचे एक जहाज बुडाले होते. चौकशीचा निष्कर्ष असा की पंपघरात पाळीवर असलेला कोवळा नाविक समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह उघडा टाकून झोपी गेला. तोही बुडाला, त्यामुळे उलटून बोलणारे कोणी उरले नाही. पुढे बुडालेले जहाज वर काढून मोडीत काढले आणि तो व्हॉल्व्ह हिरवट पुटांत घट्ट जखडलेला असा या संग्रहात आला. पुटांखाली तो उघडा आहे की बंद, हे कोणी पाहिलेच नव्हते. महिनोन् महिने अर्ज करून चीफने तो साफ करण्याची परवानगी मिळवली होती. पुटे तडकू नयेत म्हणून कालपासून काका त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत होते. आज दुपारी काम सुरू व्हायचे होते.

आणि दुपारीच आगीची घंटा वाजली.

आग नव्हतीच. मागच्या नळांच्या कपाटात वाफ कोंडली होती. पण घंटा वाजली की लिफ्ट आपोआप बंद होते आणि सगळ्यांनी जिन्याने अंगणात उतरायचे असते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने? त्याने जिन्याच्या माथ्यावर थांबून कोणीतरी येण्याची वाट पाहायची, असा नियम. चीफने वाट पाहिली. पावलांचा लोंढा त्याला वळसा घालून खाली उतरला, आणि मजला एखाद्या बुडत्या जहाजासारखा गप्प झाला.

परत आल्यावर काकांनी हाताची पालथी बाजू दाराच्या मुठीला लावून पाहिली, मग कुलूप उघडले. कुलूप शाबूत होते. खिडक्यांना गज होते. घंटा वाजली तेव्हा, बाहेर पडताना, मॅडमनी आणि चीफने काचेच्या दारातून मेजावरचे गुंडाळलेले बोचके आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

मॅडम सावकाश वळल्या. "चीफ, तुम्ही जिन्यावरच होतात ना? कोणी वर आलं?"

वर यायला तो एकच जिना. 'डोळा लागला होता' म्हणाला असता तर सुटला असता. त्यालाही ते कळत होते.

"नाही," तो म्हणाला. "कोणीच नाही."

मग सगळ्यांना एकदमच आठवले: या खोलीच्या दोन किल्ल्या होत्या. एक काकांकडे. दुसरी मॅडमनी आजच, जेवणाच्या सुटीनंतर, कामासाठी चीफच्या हातावर ठेवली होती.

२

कुलसचिव सज्जन होते, आणि सज्जन माणसाच्या तावडीतून सुटणे सर्वांत कठीण.

"तुमच्यावर कोणी आरोप करत नाही," ते म्हणाले. "मी फक्त मोठ्यानं विचार करतोय. बाकी सगळे अंगणात एकमेकांसमोर. वर तुम्ही एकटे. किल्ली तुमच्या खिशात. नंतर पोरांनी सगळा मजला धुंडाळला, एकट्या तुमच्या खुर्चीला हात लावला नाही."

"का नाही लावला?"

"अहो, असं कसं लावणार? बरं दिसतं का ते?"

"लावायला हवा होता."

"आता काय उपयोग?" कुलसचिवांनी पेन टोपणात घातले, काढले, पुन्हा घातले. "सोमवारी समिती बसते आहे. तोवर वस्तू परत आली तर मी कोणाला काही विचारणार नाही. नाही आली तर प्रवेश रद्द करावा लागेल. चोरीच्या शेऱ्यासकट. मग दुसरं कुठलं विद्यापीठ तुम्हाला दारात उभं करेल असं वाटत नाही."

"मी दारात उभा राहतच नाही," चीफ म्हणाला. कुलसचिवांना हसावे की नाही ते कळले नाही.

घरी ताईने त्याचे ऐकून घेतले आणि भांडे खाडकन आपटले. थोरली बहीण होती. राग आला की भांड्यांवर काढी, माया आली तरी भांड्यांवरच.

"झोप लागली होती म्हणायचं होतंस! जीभ झडली असती का?"

"झडली नसती. पण एका पोराला झोपलेला ठरवून मोकळे झाले लोक, ताई. तेच खोडायला मी आलो, आणि मीच झोपलो होतो म्हणू?"

"मेलेल्याला सोडवायला निघालास आणि स्वतः अडकलास. तुझं नेहमीचंच." तिने त्याच्या पुढ्यात ताट सरकवले. "ते पोर कोण तुझं?"

याचे उत्तर त्याच्याकडे होते. पण ते अंधारात मानेपर्यंत आलेल्या पाण्याविषयी होते, आणि ताईपुढे त्या पाण्याचा विषय काढायचा नाही असे त्याने पूर्वीच ठरवले होते. तो जेवला. जेवताना त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसत होते. कोणीच वर आले नाही. हे वाक्य त्याच्या गळ्यातला फास होते. पण ते खरे होते, आणि खरे असेल तर त्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असलेच पाहिजे.

३

मॅडमनी त्याला टाळले नाही. उलट समोरची खुर्ची स्वतः उचलून बाजूला केली, त्याला जागा व्हावी म्हणून.

"माझ्यावर संशय घ्यायला आला असाल तर कारण मीच देते," त्या म्हणाल्या. "तो पोरगा झोपला होता, हे माझ्या पुस्तकात मी छापलंय. व्हॉल्व्ह बंद निघाला असता तर माझं एक अख्खं प्रकरण कोसळलं असतं."

"मग परवानगी का दिलीत?"

"कारण आपली चूक दुसऱ्यानं शोधण्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्यानं शोधलेली बरी. श्रेय घरातच राहतं." त्या किंचित हसल्या, मग गंभीर झाल्या. "किल्ली जेवणाच्या सुटीपर्यंत माझ्या पर्समध्ये होती, नंतर तुमच्याकडे. अंगणात मी काकांचा दंड धरून उभी होते. पायऱ्या उतरताना ते लटपटत होते. वय झालंय हो त्यांचं."

"सकाळी तुम्ही वर गेला होतात?"

"सकाळी माझी व्याख्यानं असतात. वर काका होते, नेहमीसारखे. मला वाटतं तुम्हीही लवकर आला होतात."

आला होता. लिफ्टपाशी त्याला काका भेटले होते, जुन्या वर्तमानपत्रांनी भरलेली ढकलगाडी घेऊन. ती गाडी बाहेर निघेपर्यंत लिफ्टचे दार चीफनेच हाताने थोपवून धरले होते. "रद्दी काढली," असे काका म्हणाले होते, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात.

चष्मेवाली वाचनालयाच्या कोपऱ्यात सापडली. विभागात एकच शिष्यवृत्ती होती, आणि चीफ गेला तर ती तिचीच होती. हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे दोघेही एकमेकांशी जरा जास्तच हसून बोलत.

"या, या, फौजदार," ती म्हणाली. "मीच चोरला. गिळला. आता पोटात गंजतोय."

"कासं गंजत नाही. हिरवं पडतं."

"मग हिरवी पडेन." तिने पुस्तक मिटले. "खरं सांगू का चीफ? शिष्यवृत्ती मला हवी आहे. पण अशी नको. अशी मिळाली तर आयुष्यभर आई मला विचारेल, 'त्या खुर्चीवाल्याचं काय झालं गं?'"

"काकांनी गोणपाट उचललं तेव्हा तू कुठे होतीस?"

"मॅडमच्या मागे. ते घमेलं गडगडत माझ्याच पायावर आलं. मी उचलून ठेवलं. बाहेरून ओलंचिंब, हात भिजला माझा. आणि आतून इतकी धूळ, की पुसायला गेले तर ओढणी खराब झाली. काका एरवी काच लखलख पुसतात, आणि घमेल्यात ही धूळ!"

चीफचे हात चाकांवर स्थिर झाले होते.

"काय झालं?" तिने विचारले.

"पुन्हा सांग. ओलं कुठून, आणि कोरडं कुठून?"

४

ज्या घमेल्यातून पाणी शिंपडतात ते आतून ओले असते. जे आतून धुळकट आणि बाहेरून चिंब आहे, त्याच्यात पाणी कधी नव्हतेच. त्याच्यावर ओले कापड पांघरलेले होते. म्हणजे घंटा वाजली तेव्हा मेजावर सर्वांनी जे पाहिले तो व्हॉल्व्ह नव्हता. बैठकीवर पालथे घातलेले घमेले होते आणि त्याच्यावर गोणपाट. व्हॉल्व्ह आधीच गेला होता. काकांच्या रद्दीखाली?

एवढ्यावर एखाद्या म्हाताऱ्याचे नाव घ्यायचे? रद्दी ही रद्दीही असू शकते. सकाळी मॅडमचीही किल्ली होती. आणि घमेले पालथे घालायला चीफलाही, दुपारी किल्ली हाती आल्यावर, कोण अडवणार होते? त्याने स्वतःच्या बाजूने जो जो धागा ओढला तो शेवटी त्याच्याच मनगटाला बांधलेला निघाला.

नळ दुरुस्त करणारा कारागीर तळमजल्यावर अवजारे आवरत होता. चीफने वाफेचा विषय काढताच तो उखडला.

"पाइप फुटला नव्हता साहेब, कोणी काही सांगितलं तरी. वाफेचा निचरा करायचा व्हॉल्व्ह असतो वर, छताला लागून. स्टुलावर चढावं लागतं. कोणीतरी चढून मुद्दाम सोडलेला. कपाट बंद, वाफ हळूहळू साचली आणि घंटा झाली."

"थोडासाच उघडला होता?"

"थोडासा कसला! पार शेवटपर्यंत. आणि गंमत बघा, शेवटपर्यंत उघडून पुन्हा पाव फेरा मागे फिरवलेला. चोर तर चोर, वर अर्धवट! सोडायचाच आहे तर पूर्ण सोड, नाहीतर हात लावू नकोस." तो हसला. "असं कोण करतं?"

असे कोण करते ते चीफला ठाऊक होते. इंजिनखोलीत पहिल्याच महिन्यात बोटांवर पट्टी मारून मारून ते शिकवतात. पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह उष्णतेने तसाच जखडून बसतो. शिवाय धुरात, अंधारात पुढच्या माणसाला तो उघडा आहे की बंद, हे हाताला कळले पाहिजे. म्हणून पूर्ण उघडायचा आणि पाव फेरा मागे घ्यायचा. वर्षानुवर्षे केल्यावर ते डोक्यात राहत नाही, मनगटात उतरते. मग घरचा नळही माणूस तसाच उघडतो, आणि बायको ओरडते.

म्हणजे घंटा वाजवणारा इंजिनखोलीत राबलेला होता.

क्षणभर त्याला हायसे वाटले. आणि मग, झाकण मिटत जावे आणि उजेडाची शेवटची रेघ विझावी, तसे त्याच्या ध्यानात आले: या साऱ्या विद्यापीठात इंजिनखोलीत राबलेला असा एकच माणूस सगळ्यांना माहीत होता.

तो माणूस या खुर्चीत बसला होता.

५

"बसा," काका म्हणाले, आणि मग स्वतःच ओशाळले. "म्हणजे... चहा घेणार?"

संग्रहाच्या खोलीत दुपारचे ऊन गजांतून तिरपे पडले होते. रिकाम्या बैठकीवर त्याच्या पट्ट्या उमटल्या होत्या. काकांनी चहाची किटली शेगडीवरून उतरवण्याआधी बोटांच्या पेरांची मागची बाजू तिच्या अंगाला टेकवली. मग तळहाताने तिचा कान धरला.

चीफ ते पाहत राहिला. तळहाताने तापलेल्या धातूला शिवले तर वेदनेने मूठ आपोआप आवळते आणि हात सुटत नाही; पालथा हात मात्र झटक्याने मागे येतो. हेही पट्टी मारूनच शिकवतात. कुलूप उघडण्यापूर्वी दाराच्या मुठीला लावलेला काकांचा पालथा हात त्याला आठवला.

"काका, कधी जहाजावर होतात का?"

"छे हो!" सगळा मजला दणाणला. "मला पाळण्यातसुद्धा मळमळायचं, असं आई सांगायची."

"आवाज मात्र इंजिनखोलीतला आहे तुमचा."

"ऐकू कमी येतं म्हणून." किटली धरलेला हात मध्येच थांबला. "सोमवारी काय होणार?"

"मला काढून टाकतील."

काकांनी चहा ओतला. बराचसा बशीत गेला. "लिफ्ट बंद असते का हो, घंटा वाजल्यावर?" त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न त्या दोघांमध्ये मेजावर पडून राहिला. काकांना तो परत उचलता येईना, चीफला त्याच्याकडे पाहवेना.

"असते," चीफ म्हणाला. "सोमवारी समितीच्या आधी मॅडमना आणि चष्मेवालीला मी इथे बोलावलं आहे. तुम्हीही असा."

"मी कशाला?"

"किल्ली तुमच्याकडे असते म्हणून."

६

सोमवारी सकाळी चौघे त्याच मेजाभोवती जमले. दार चीफने उघडेच ठेवायला सांगितले. बंद खोलीत त्याला फार बोलता येत नसे.

"सगळे एकाच ठिकाणी चुकले," त्याने सुरुवात केली. "चोरी घंटा वाजत असताना झाली, असं सगळे धरून चालले. मी म्हणालो कोणी वर आलं नाही. ते खरं मानलं तर एकच अर्थ निघतो: तेव्हा चोरी झालीच नाही. व्हॉल्व्ह सकाळीच गेला होता. आपण पाहिलं ते बैठकीवर पालथं घातलेलं घमेलं. आतून धूळ, बाहेरून पाणी. हिच्या ओढणीला विचारा."

चष्मेवालीने ओढणीकडे पाहिले. "अगं बाई," ती पुटपुटली.

"सकाळीच नेला होता, तर मग घंटा कशाला वाजवली?" मॅडमनी विचारले.

"वेळ फिरवण्यासाठी. चोरी घंटेच्या वेळची वाटली पाहिजे, कारण त्या वेळी चोर सगळ्यांसमोर अंगणात असणार होता. घंटेचा फायदा फक्त त्यालाच जो खाली उतरू शकतो. मला तिचा तोटाच झाला. मी चोर असतो तर जी वेळ मला एकट्याला अडकवते, नेमकी तीच निवडली असती का?"

"नाही," मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणजे आम्ही तिघं."

"घंटा वाफेनं वाजली. वाफेच्या व्हॉल्व्हचं चाक पूर्ण उघडून पाव फेरा मागे घेतलेलं होतं. हे इंजिनखोलीतल्या माणसाच्याच हातून होतं, तेही नकळत. तसा माणूस मी आहे. पण ते चाक छताला लागून आहे, स्टुलावर चढावं लागतं." तो थांबला. "स्टुलावर चढता आलं असतं तर मी जिनाही उतरलो असतो."

कोणी हसले नाही.

"तुम्हाला सवय नाही, मॅडम. हिलाही नाही. उरतो तो ज्याच्याकडे सकाळी किल्ली होती, जो रद्दीची गाडी घेऊन खाली गेला, आणि ज्याच्यासाठी लिफ्टचं दार मी स्वतः धरून ठेवलं."

काका खिडकीकडे तोंड करून उभे होते. गजांवर त्यांचे दोन्ही हात होते. जणू आत तेच होते आणि बाकी सारे बाहेर.

"मात्र चोरानं तो मोडला नसणार," चीफ म्हणाला. "मोडायचा असता तर इथेच, हातोडीच्या एका घावात काम झालं असतं. गोणपाट तो दर थोड्या वेळानं भिजवत होता. असा माणूस त्याला कोरडा पडून तडकू देणार नाही. तो कुठेतरी पाण्यात आहे. अंगणात आग विझवण्याच्या पाण्याची टाकी आहे. तिची कड माझ्या डोक्याच्या वर येते. मला आत पाहता आलं नाही. काका, मी तिथवरच जाऊ शकतो. पुढचं तुम्हालाच करावं लागेल."

मग काका बोलले. मागे न वळता.

"धाकटा भाऊ होता माझा."

मॅडम खुर्चीत बसल्या.

"मी दुसऱ्या जहाजावर होतो. इंजिनखोलीतच. त्याला मीच भरती केलं. नंतर नोकरी सोडली आणि हा व्हॉल्व्ह इथे आला असं कळल्यावर इथली किल्ली मागून घेतली. रोज त्याच्या कपाटाची काच पुसायचो. आत कधी हात घातला नाही." आता ते वळले. "पुस्तकात लिहिलंय तो झोपला होता. ते सोसवतं मला. पुस्तकं चुकतात. पण व्हॉल्व्ह चुकत नाही, चीफ. तुम्ही तो साफ केला असता आणि तो सताड उघडा निघाला असता, तर मग मला कुठे जायला जागा होती?"

"आणि मला?" चीफने विचारले.

"मला वाटलं तुम्हीही सगळ्यांबरोबर खाली याल. वर कोणी मागे राहतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"कोणाच्याच येत नाही, काका."

हे तो रागाने म्हणाला नव्हता, आणि म्हणूनच म्हाताऱ्याला ते पेलले नाही. त्यांनी किल्ली मेजावर ठेवली. समितीच्या दालनात ते एकटेच गेले. दार लावून घेतले तरी त्यांचा शब्द न् शब्द बाहेर ऐकू येत होता.

७

व्हॉल्व्ह टाकीतून निघाला आणि चीफचा प्रवेश राहिला. काकांची किल्ली गेली, आणि नोकरीचे उरलेले महिनेही. कुलसचिवांनी चीफचा हात हातात घेऊन दिलगिरी व्यक्त केली आणि यापुढे प्रत्येकाची, अगदी प्रत्येकाची झडती घेतली जाईल असे वचन दिले.

चीफने एकच गोष्ट मागितली. साफसफाई होईल तेव्हा काका समोर असावेत. मॅडम आधी नाही म्हणाल्या, मग त्यांनीच काकांसाठी खुर्ची मांडली.

काम सावकाश चालले. लाकडी काड्या, मऊ ब्रश, पाणी, आणि पुन्हा पाणी. चष्मेवाली पुटांचा एकेक पापुद्रा उचलून बाजूला ठेवी आणि शिव्या गिळी. चाकाचे आरे दिसू लागले, मग चाकाच्या मधून वर येणारा दांडा. व्हॉल्व्ह जितका उघडावा तितका दांडा वर येतो. बंद करावा तसा खाली बसतो. बाकी कशालाही विचारायची गरज नव्हती.

अखेर ज्या दुपारी दांडा मुळापर्यंत मोकळा झाला, त्या दुपारी चीफने खुर्ची मेजाला भिडवली आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. काका त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. व्हॉल्व्हकडे पाहण्याचे धाडस त्यांना झाले नव्हते.

"सांगा," ते म्हणाले. "उघडा आहे?"

"नाही."

"बंद आहे?"

"नाही, काका. अर्ध्यावर आहे."

काकांना कळेना. चष्मेवालीलाही. मॅडमनी मात्र टाक खाली ठेवला.

"समुद्राचं पाणी घ्यायचं तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडतात," चीफ म्हणाला. "काम झालं की पूर्ण बंद करतात. विसरलेला व्हॉल्व्ह उघडा सापडतो. अर्ध्यावर तो फक्त फिरवत असताना असतो, चाकावर हात असेपर्यंत. पाणी आलं तेव्हा तो चाक फिरवत होता."

"म्हणजे बंद करत होता?" मॅडमनी विचारले.

"मला तसं वाटतं. पण सिद्ध होतं ते एवढंच, की हात चाकावर होता. मी तेवढंच लिहीन. तो जागा होता."

मॅडमनी मान हलवली. "माझ्या पुस्तकात सुधारणा करावी लागेल," त्या म्हणाल्या, आणि खिडकीकडे पाहत राहिल्या.

चीफला वाटले होते की म्हातारा रडेल, किंवा हसेल. काका तसेच बसून राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती. एक दार उघडावे आणि आत आणखी एक खोली निघावी, तसे काहीतरी होते.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "लोक त्याला झोपाळू म्हणायचे तेव्हा जीव तुटायचा. पण रात्री एक विचार यायचा, की झोपेत गेला. त्याला काही कळलं नसेल. तेवढं एक बरं झालं." त्यांनी चीफकडे पाहिले. त्या चौघांत हा प्रश्न ज्याला विचारता येईल असा एकच माणूस होता. "जागा होता, म्हणजे त्याला सगळं कळलं असेल ना?"

मॅडमनी चीफकडे पाहिले. 'नाही म्हणा', असे त्यांचे डोळे म्हणत होते. त्याला स्वतःलाही तसे म्हणावेसे वाटले. मग त्याला ते काळे, गार पाणी आठवले, जे त्याच्या हनुवटीपाशी येऊन थांबले होते आणि त्या पोराच्या हनुवटीपाशी थांबले नव्हते.

"कळलं असेल," तो म्हणाला. "घाबरला असेल. मीही घाबरलो होतो, आई आई म्हणून ओरडत होतो, कोणाला सांगितलं नाही इतकी वर्षं. दार दिसत होतं मला. मी हातातलं सगळं टाकून दाराकडे धावलो." त्याने व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी उचलला आणि अलगद म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला. "पंपघरालाही दार होतं, काका. तो धावला नाही."